‘लेखाधोरणे मागील वर्षाप्रमाणेच’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी: अंतरिम अहवालाचे पायरीवार काम

तिमाही संपली की लेखा विभागात पहिली गोष्ट होते ती म्हणजे मागच्या तिमाहीची फाइल नव्या नावाने सेव्ह होते. आकडे बदलतात, तारखा बदलतात. टीप क्रमांक दोन मात्र तशीच राहते: ‘या अहवालात वापरलेली लेखाधोरणे मागील वार्षिक वित्तीय पत्रकांप्रमाणेच आहेत.’ अंतरिम अहवालात, म्हणजे वर्ष संपण्याआधी निघणाऱ्या तिमाही किंवा सहामाही अहवालात, सर्वात जास्त वेळा नक्कल होणारे आणि सर्वात कमी वेळा तपासले जाणारे वाक्य कोणते, असे मला विचारले तर मी याच्याकडे बोट दाखवीन. मी एक अहवाल असा पाहिला आहे की टीप दोनमध्ये ‘धोरणांत बदल नाही’ आणि टीप सातमध्ये नव्या मानकामुळे सुरुवातीच्या राखीव नफ्यात केलेली दुरुस्ती. दोन्ही टिपा वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या होत्या, आणि संपूर्ण अहवाल एकाने सलग वाचलाच नव्हता.

ते वाक्य खरे ठरवण्यासाठी काय काय तपासावे लागते आणि ते खरे नसेल तर त्याच्या जागी काय लिहायचे, हे या लेखात पाहू. आधार आयएएस ३४ या अंतरिम अहवालांविषयीच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकाचा आहे; याच संचातल्या नव्या मानकांना आयएफआरएस म्हणतात. उदाहरणांतले आकडे लाखांत आहेत, चलन कोणतेही धरा.

आधी चौकट

आयएएस ३४ हे मानक फेब्रुवारी १९९८ मध्ये आले आणि १९९९ पासून लागू झाले. कोणत्या कंपनीने अंतरिम अहवाल काढावा, किती वेळा काढावा, किती दिवसांत काढावा, हे ते सांगत नाही. ते काम प्रत्येक देशातल्या नियामकांचे आणि शेअर बाजारांचे. अहवाल या मानकानुसार आहे असे तुम्ही म्हणणार असाल, तर त्यात किमान काय असले पाहिजे आणि आकडे कसे मोजले पाहिजेत, एवढेच ते सांगते.

किमान म्हणजे संक्षिप्त ताळेबंद, संक्षिप्त नफा-तोटा व इतर सर्वसमावेशक उत्पन्न, भागधारकांच्या निधीतील बदलांचे पत्रक, रोकड प्रवाह पत्रक आणि निवडक टिपा. वाचकाकडे मागचा वार्षिक अहवाल आहे असे गृहीत धरलेले असते. म्हणून सगळी धोरणे पुन्हा छापायची नसतात, फक्त काय बदलले ते सांगायचे असते. ही सवलत मोठी आहे, पण ‘बदल नाही’ या वाक्याचे वजन तिच्यामुळेच वाढते. वाचक त्या एका ओळीवर विसंबून जुना अहवाल उघडतो.

संक्षिप्तऐवजी पूर्ण वित्तीय पत्रके काढायचे ठरवले तर ही सवलत संपते. मग वार्षिक पत्रकांचे सगळे नियम लागू होतात, आणि धोरण पूर्वलक्षी पद्धतीने (मागचे आकडेही नव्याने मांडून) बदलून त्याचा परिणाम महत्त्वाचा असेल तर तुलनात्मक वर्षाच्या सुरुवातीचा तिसरा ताळेबंदही द्यावा लागतो. संक्षिप्त अहवालात हा तिसरा ताळेबंद लागत नाही. अनेक जण तो घाबरून देतात. दिला तर बिघडत नाही, पण दोन रात्रींचे काम वाढते.

पायरी १: वर्षाच्या सुरुवातीलाच मानकांची यादी करा

नवे मानक वर्षअखेरीस लागू होत नाही. ते लागू होते त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे पहिल्या अंतरिम अहवालातच त्याचा परिणाम दिसायला हवा. ‘वार्षिक अहवालाच्या वेळी बघू’ हे इथे चालत नाही.

एक साधा तक्ता करा. मानक किंवा सुधारणा, लागू होण्याची तारीख, आपल्या कंपनीला लागू आहे का, संक्रमणाची (जुन्या नियमावरून नव्यावर जाण्याची) पद्धत, अंदाजे परिणाम, जबाबदार व्यक्ती. नमुन्यादाखल अलीकडच्या काही नोंदी:

१ जानेवारी २०२४ पासून: कर्जे चालू की दीर्घकालीन हे ठरवताना कर्जकराराच्या अटींचा विचार, विक्री करून परत भाड्याने घेण्याच्या व्यवहारातील लीजचे (भाडेकराराचे) दायित्व, पुरवठादार वित्तव्यवस्थेचे (पुरवठादाराला बँक पैसे देते आणि कंपनी नंतर बँकेला फेडते, अशा सोयीचे) प्रकटीकरण.

१ जानेवारी २०२५ पासून: एक चलन दुसऱ्यात बदलता येत नसेल तेव्हा कोणता दर वापरायचा, यासंबंधी आयएएस २१ मधील सुधारणा.

१ जानेवारी २०२६ पासून: वित्तीय साधनांचे वर्गीकरण आणि मोजमाप यासंबंधी आयएफआरएस ९ व ७ मधील सुधारणा, निसर्गावर अवलंबून असलेल्या विजेचे करार, आणि वार्षिक सुधारणांचा अकरावा खंड.

१ जानेवारी २०२७ पासून: आयएफआरएस १८ (नफा-तोट्याची नवी मांडणी, पायरी ८ पाहा) आणि आयएफआरएस १९ (काही उपकंपन्यांसाठी कमी प्रकटीकरणे).

या सगळ्या तारखांचा अर्थ ‘त्या दिवशी किंवा त्यानंतर सुरू होणारे वार्षिक कालावधी’ असा आहे. तुमचे आर्थिक वर्ष जुलैत सुरू होत असेल तर २०२६ च्या सुधारणा जुलै २०२६ पासून लागू होतील, जानेवारीच्या सहामाहीत नाही. शिवाय अनेक देशांत मानक स्थानिक कायद्याने स्वीकारले जाईपर्यंत लागू होत नाही. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना ठेवा.

यादीत आणखी एक ओळ हवी, जी बहुतेकांच्या यादीत नसते: आयएफआरएस अन्वयार्थ समितीचे निर्णय. ही समिती पुष्कळदा ‘मानकात बदल नको, आहे त्यातच उत्तर आहे’ असा निर्णय देते, आणि तो वाचून कंपन्यांच्या लक्षात येते की आपण वेगळेच करत होतो. २०२१ मध्ये क्लाउड सॉफ्टवेअर आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घेण्याच्या खर्चाबद्दल असा निर्णय आला, आणि अमूर्त मालमत्ता म्हणून भांडवली केलेला बराच खर्च अनेकांना नफा-तोट्यात न्यावा लागला. अशा निर्णयाला ‘लागू होण्याची तारीख’ नसते. बदल करायला पुरेसा वेळ मिळतो, पण तो वेळ वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजायचा असतो. म्हणजे हा बदल नेमका अंतरिम अहवालात येऊन आदळतो.

पायरी २: बदललेय ते नक्की काय?

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. तिमाहीत काहीतरी वेगळे केले गेले, पण ते धोरण बदलले, अंदाज बदलला, चूक दुरुस्त झाली, की नवाच व्यवहार आला?

धोरण म्हणजे मोजण्याचे तत्त्व. साठ्याचे मूल्य पहिला-आत-पहिला-बाहेर पद्धतीने की भारित सरासरीने, गुंतवणुकीची स्थावर मालमत्ता मूळ किमतीने की वाजवी मूल्याने, हे धोरण. अंदाज म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेमुळे ठरवावी लागणारी रक्कम. यंत्राचे उपयुक्त आयुष्य, बुडीत कर्जाची तरतूद, हमीचा खर्च, हे अंदाज. घसाऱ्याची पद्धत सरळ रेषेवरून घटत्या शिलकेवर नेली तर ते धोरण वाटते, पण मानकानुसार तो अंदाजातला बदल आहे. त्याचा परिणाम पुढच्या काळात जातो, मागचे आकडे हलत नाहीत. दोन्हींत फरक करणे खरोखर अवघड असेल, तर बदल अंदाजातला समजायचा, असा आयएएस ८ चा (धोरणे, अंदाज आणि चुका यांविषयीच्या मानकाचा) नियम आहे.

चूक मात्र चूकच. तिला ‘धोरणात सुधारणा’ असे सुंदर नाव देण्याचा मोह होतो. मागील काळातल्या चुकीची दुरुस्ती हा आयएएस ३४ मध्ये स्वतंत्रपणे उल्लेखलेला प्रकार आहे, आणि लेखापरीक्षक तो शोधतोच.

चौथा प्रकार सर्वात दुर्लक्षित. कंपनीने या तिमाहीत पहिल्यांदाच दुसरी कंपनी विकत घेतली, पहिल्यांदाच हेजिंग (किमती किंवा चलनदरांच्या चढउतारापासून संरक्षणाचे व्यवहार) सुरू केले, पहिल्यांदाच सरकारी अनुदान मिळाले. पूर्वी न घडलेल्या व्यवहाराला धोरण लावणे हा धोरणातला बदल नाही. म्हणून ‘बदल नाही’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे ठरते. पण वाचक मागचा वार्षिक अहवाल उघडतो आणि तिथे हेजिंगचे धोरणच नसते! अशा वेळी ते धोरण अंतरिम अहवालात पूर्ण लिहा. २०२३ पासून वार्षिक अहवालांत ‘महत्त्वाच्या’ धोरणांचीच माहिती द्यायची असल्यामुळे ती प्रकरणे आता बारीक झाली आहेत. गेल्या वर्षी गौण म्हणून गाळलेले धोरण या सहामाहीत महत्त्वाचे झाले असेल, तर तेही इथे लिहावे लागेल.

पायरी ३: संक्रमणाचे कलम शब्दशः वाचा

नवे मानक लागू करताना मागचे आकडे बदलायचे का, याचे उत्तर मानकाच्या शेवटच्या परिशिष्टात असते, आणि ते प्रत्येक वेळी वेगळे असते. आयएफआरएस १६ ने २०१९ मध्ये भाडेकरू कंपन्यांना मुभा दिली की जुने वर्ष न बदलता सगळा परिणाम सुरुवातीच्या निधीत टाकावा. आयएफआरएस १७ ने २०२३ मध्ये विमा कंपन्यांना मागचे वर्ष नव्याने मांडायला लावले. आयएफआरएस १८ पूर्णपणे पूर्वलक्षी आहे.

मागचे आकडे बदललेले नसतील तर तुलनात्मक रकान्याखाली तसे स्पष्ट लिहा. नाहीतर वाचक दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेले आकडे शेजारीशेजारी पाहतो आणि वाढ-घट काढत बसतो.

काही कलमे खास अंतरिम अहवालासाठीच असतात, म्हणून शब्दशः वाचा म्हणतो. पुरवठादार वित्तव्यवस्थेच्या प्रकटीकरणात, सुधारणा पहिल्यांदा लागू होणाऱ्या वर्षातल्या अंतरिम अहवालांना माहितीतून सूट होती. किमान जागतिक कराच्या नियमांसाठी आयएएस १२ मध्ये मे २०२३ ला आलेल्या सुधारणेत, ३१ डिसेंबर २०२३ किंवा त्याआधी संपणाऱ्या अंतरिम काळात काही प्रकटीकरणे देण्याची गरज नव्हती, पण स्थगित कराच्या (पुढच्या काळात भरावा लागणाऱ्या किंवा वाचणाऱ्या कराच्या) नोंदीतून मिळालेला अपवाद मात्र ताबडतोब आणि पूर्वलक्षी लागू झाला. एकाच सुधारणेचे दोन भाग, दोन वेगळी वेळापत्रके.

२०२६ च्या एका सुधारणेचे उदाहरण घेऊ, कारण ‘परिणाम नगण्य’ असे न मोजताच लिहिण्याचा मोह इथे फार होतो. आयएफआरएस ९ आता स्पष्ट सांगते की देणे खात्यातून काढायचे ते प्रत्यक्ष फेड झालेल्या दिवशी. काही अटी पूर्ण होत असतील तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेल्या भरण्यासाठी ते आधी काढण्याची निवड करता येते: भरण्याची सूचना मागे घेणे कंपनीच्या हातात उरलेले नसावे, ती रक्कम कंपनीला वापरता येऊ नये, आणि फेड न होण्याचा धोका नगण्य असावा. ही निवड त्या भरणा यंत्रणेतून होणाऱ्या सगळ्या भरण्यांना सारखीच लावायची. चेकला ही सवलत नाही.

समजा कंपनी चेक पाठवला की देणे खात्यातून काढत होती, आणि ३१ डिसेंबर २०२५ ला २५ लाखांचे चेक वाटेत होते. मागचे वर्ष नव्याने मांडण्याची सक्ती नाही. पण १ जानेवारी २०२६ च्या सुरुवातीच्या आकड्यांत रोकड २५ ने वाढेल आणि देणीही २५ ने वाढतील. नफ्यावर परिणाम शून्य. पण रोकड प्रवाह पत्रकाची सुरुवातीची शिल्लक मागच्या ताळेबंदाशी जुळणार नाही, आणि हा २५ चा फरक टिपेत समजावला नाही तर पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल. प्रत्येक बँक खात्याच्या जुळवणीतून वाटेतल्या रकमा काढा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यानंतर ‘नगण्य’ लिहायला हरकत नाही.

पायरी ४: वर्षाच्या मध्यात धोरण बदलायचे असेल

स्वेच्छेने धोरण बदलता येते, पण त्यातून मिळणारी माहिती विश्वासार्ह आणि अधिक उपयुक्त असली पाहिजे. अंतरिम अहवालाला यात एक जादा अट आहे. एका आर्थिक वर्षात एका प्रकारच्या व्यवहाराला एकच धोरण. पहिल्या दोन तिमाह्या एका पद्धतीने आणि उरलेल्या दोन दुसऱ्या, हे चालत नाही.

कंपनीने तिसऱ्या तिमाहीत साठ्याचे मूल्यांकन पहिला-आत-पहिला-बाहेर पद्धतीवरून भारित सरासरीवर नेले असे समजा. जुन्या पद्धतीने पहिल्या तिमाहीचा नफा ४० आणि दुसरीचा ५० जाहीर झाला होता. नव्या पद्धतीने तेच ३८ आणि ४७ येतात. तिसऱ्या तिमाहीचा नव्या पद्धतीने नफा ४४.

बरोबर मांडणी: तिसरी तिमाही ४४, नऊ महिने ३८ + ४७ + ४४ = १२९. गेल्या वर्षीची तिसरी तिमाही आणि नऊ महिनेही नव्या पद्धतीने, आणि त्याआधीचा साचलेला परिणाम सुरुवातीच्या राखीव नफ्यात.

चुकीची पण वारंवार दिसणारी मांडणी: पहिल्या दोन तिमाह्यांचे ९० तसेच ठेवायचे आणि ९० व ८५ मधला ५ चा फरक तिसऱ्या तिमाहीत घालून तिथे ३९ दाखवायचे. नऊ महिन्यांची बेरीज तीच, १२९. म्हणूनच ही चूक पकडली जात नाही. पण तिसऱ्या तिमाहीत व्यवसाय बिघडल्याचा खोटा आभास तयार होतो.

गेल्या वर्षांवरचा परिणाम काढणे खरोखर अशक्य असेल, तर जितक्या मागे जाता येईल तितक्या मागच्या तारखेपासून पुढे बदल लावता येतो, पण ती तारीख चालू आर्थिक वर्षाच्या सुरुवातीनंतरची असता कामा नये. ‘अशक्य’ म्हणजे ‘कंटाळवाणे’ नव्हे.

नवे मानक मुदतीआधी स्वीकारायचा निर्णय तिसऱ्या तिमाहीत झाला तरी हाच नियम: वर्षाच्या सुरुवातीपासून. एक अपवाद लक्षात ठेवा. यंत्रे-इमारतींचे पुनर्मूल्यांकन पहिल्यांदा सुरू करणे हा पूर्वलक्षी बदल नाही. तो पुनर्मूल्यांकनाच्या दिवसापासून पुढे जातो.

पायरी ५: वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत मोजा

अंतरिम काळ स्वतंत्र मानायचा की वर्षाचा तुकडा, हा जुना वाद आहे. अमेरिकेतले लेखानियम तुकड्याच्या बाजूला झुकतात. आयएएस ३४ म्हणते की नोंदीचे नियम वर्षअखेरीसारखेच लावा, पण मोजमाप वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंतचे करा, म्हणजे अहवाल किती वेळा काढला यावर वर्षाचा निकाल बदलणार नाही. पहिल्या भागाचा अर्थ असा की आज मालमत्तेची व्याख्या पूर्ण न करणारा खर्च ‘वर्षभरात वसूल होईल’ म्हणून पुढे ढकलता येत नाही. हंगामी धंद्याचे उत्पन्नही आधी ओढता येत नाही की पुढे सारता येत नाही. जाहिरात मोहीम पहिल्या तिमाहीत झाली तर खर्च पहिल्या तिमाहीत. डिसेंबरात ठरलेल्या यंत्रदुरुस्तीची तरतूद जूनमध्ये नाही.

कर हा याला अपवाद वाटतो, पण नाही. तो वार्षिकच असतो, म्हणून संपूर्ण वर्षाचा अपेक्षित सरासरी दर वापरायचा. वर्षभराचा करपूर्व नफा ४०० आणि कर ८८ अपेक्षित असेल तर दर २२ टक्के. पहिल्या तिमाहीचा नफा ६०, कर १३.२. दुसऱ्या तिमाहीअखेर अंदाज सुधारला: नफा ३६०, कर ८६.४, दर २४ टक्के. सहामाहीचा नफा १५०, त्यावर कर ३६. त्यातून १३.२ वजा जाता दुसऱ्या तिमाहीचा कर २२.८. दुसऱ्या तिमाहीचा नफा ९०, म्हणजे तिचा दर २५ टक्क्यांहून थोडा जास्त दिसेल. तो तसाच दिसायला हवा. पहिली तिमाही मागे जाऊन बदलायची नाही, कारण हा अंदाजातला बदल आहे.

गुडविलचे (दुसरी कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेचे) प्रकरण मात्र खरोखर अडचणीचे. पहिल्या तिमाहीत गुडविलचे मूल्य घटले म्हणून तोटा नोंदवला आणि वर्षअखेरीस परिस्थिती सुधारली. वर्षातून एकदाच अहवाल देणाऱ्या कंपनीने तो तोटा कधी नोंदवलाच नसता. ‘अहवालाच्या वारंवारतेने निकाल बदलू नये’ हे तत्त्व म्हणते तोटा उलटवा. गुडविलचा तोटा कधीच उलटवायचा नाही हे आयएएस ३६ (मालमत्तेच्या मूल्यघटीचे मानक) म्हणते. २००६ मध्ये आयएफआरआयसी १० या अन्वयार्थाने (मानकांचा अर्थ स्पष्ट करणाऱ्या अधिकृत निवेदनाने) आयएएस ३६ च्या बाजूने कौल दिला. साठ्याचे घटवलेले मूल्य पुढच्या तिमाहीत परत वाढवता येते, गुडविलचे नाही. म्हणून तिमाहीत गुडविलची चाचणी घाईने करू नका, आणि लक्षणे दिसत असताना टाळूही नका.

सरकारी लेव्हीबाबत (प्राप्तिकर सोडून सरकारने लावलेल्या आकारण्यांबाबत) आयएफआरआयसी २१ तितकेच कडक आहे. कायद्याने बंधन ज्या घटनेने निर्माण होते, त्या क्षणी पूर्ण देणे नोंदवायचे. वर्षाच्या पहिल्या दिवशी मालकी असली की कर लागतो असा कायदा असेल, तर १२ लाखांचा तो कर पहिल्या तिमाहीत पूर्ण १२, प्रत्येकी ३ नाही. व्यवस्थापनाला हे आवडत नाही, पण कायदा काय म्हणतो ते पाहिल्यावर चर्चा सहसा संपते.

पायरी ६: तुलनात्मक रकाने

तिसऱ्या तिमाहीच्या अहवालात ताळेबंदाची तुलना मागच्या वर्षअखेरीशी असते. नफा-तोट्यात तिमाही आणि नऊ महिने दोन्ही, गेल्या वर्षीच्या त्याच काळांसह. निधीतील बदल आणि रोकड प्रवाह फक्त नऊ महिन्यांचे, गेल्या वर्षीच्या नऊ महिन्यांसह. बदललेले प्रत्येक धोरण या सगळ्या रकान्यांत पोहोचले का, ते तपासा. गेल्या वर्षीची तिमाही विसरली जाते, कारण ती चालू वर्षाच्या फाइलमध्ये नसते.

पायरी ७: आता टीप लिहा

काहीही बदलले नसेल आणि वरच्या पायऱ्या झाल्या असतील तर:

‘हा संक्षिप्त अंतरिम अहवाल आयएएस ३४ नुसार तयार केला असून तो मागील वार्षिक वित्तीय पत्रकांसोबत वाचावा. त्या पत्रकांतील लेखाधोरणे आणि गणनपद्धती येथेही वापरल्या आहेत. कराचा खर्च पूर्ण वर्षाच्या अपेक्षित सरासरी दराने काढला आहे.’

बदल असेल तर स्वरूप आणि परिणाम दोन्ही हवेत. ‘कंपनीने काही सुधारणा स्वीकारल्या असून त्यांचा लक्षणीय परिणाम नाही’ यात स्वरूपही नाही आणि परिणामही नाही. त्याऐवजी:

‘१ जुलैपासून साठ्याचे मूल्यांकन पहिला-आत-पहिला-बाहेर पद्धतीऐवजी भारित सरासरीने केले आहे. कच्च्या मालाच्या किमती वारंवार बदलत असल्याने या पद्धतीने उत्पादनखर्च अधिक योग्य दिसतो. चालू वर्षाची पहिली सहामाही आणि तुलनात्मक कालखंड नव्याने मांडले आहेत. सहामाहीचा नफा ९० ऐवजी ८५ झाला आहे.’ आणि खाली ओळवार तक्ता, प्रतिसमभाग उत्पन्नासह.

महत्त्व ठरवताना मापदंड अंतरिम काळाचाच धरा. वर्षाच्या नफ्यापुढे लहान वाटणारी ५ ची रक्कम ४० च्या तिमाहीत लहान नसते.

अजून लागू न झालेल्या मानकांबद्दल वार्षिक अहवालात लिहिणे बंधनकारक आहे. अंतरिम अहवालात आयएएस ३४ तशी वेगळी अट घालत नाही. पण वार्षिक अहवालात ‘परिणामाचा अभ्यास सुरू आहे’ असे लिहिले होते आणि दरम्यान आकडा हाती आला असेल, तर वाट पाहू नका. सलग चार अहवालांत ‘अभ्यास सुरू’ असलेली कंपनी वाचकाला अभ्यास न करणारी वाटते.

पायरी ८: आयएफआरएस १८ ची तयारी आजच्या तिमाहीत

एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेले हे मानक नोंद आणि मोजमाप बदलत नाही, त्यामुळे निव्वळ नफा तोच राहतो. बदलते ती मांडणी. उत्पन्न आणि खर्च कार्यचालन, गुंतवणूक, वित्तपुरवठा, प्राप्तिकर आणि बंद केलेले व्यवसाय अशा पाच वर्गांत जातात. कार्यचालन नफा ही सक्तीची उपबेरीज होते. सहयोगी कंपनीच्या नफ्यातला वाटा सहसा गुंतवणूक वर्गात जातो, त्यामुळे तो कार्यचालन नफ्यात दाखवणाऱ्यांचा आकडा बदलेल. अप्रत्यक्ष पद्धतीचा रोकड प्रवाहही कार्यचालन नफ्यापासून सुरू होईल.

पहिल्या वर्षातल्या अंतरिम अहवालासाठी यात खास तरतूद आहे. मागच्या वार्षिक अहवालातली शीर्षके वापरण्याची नेहमीची मुभा बाजूला ठेवून, वर्षअखेरीस जी शीर्षके आणि सक्तीच्या उपबेरजा येणार आहेत त्याच वापराव्या लागतील. शिवाय तुलनात्मक काळाच्या नफा-तोट्याच्या प्रत्येक ओळीची जुन्या आणि नव्या आकड्यांची जुळवणी द्यावी लागेल. व्यवस्थापन गुंतवणूकदारांशी बोलताना ‘समायोजित नफा’ असा काही आकडा वापरत असेल तर त्याची टीपही अंतरिम अहवालात, जुळवणी आणि कराच्या परिणामासह.

कॅलेंडर वर्षाच्या कंपनीसाठी पहिला असा अहवाल ३१ मार्च २०२७ ला संपणाऱ्या तिमाहीचा. त्याच्या शेजारी ३१ मार्च २०२६ ची तिमाही नव्या रचनेत लागेल. म्हणजे जानेवारी २०२६ पासूनच्या प्रत्येक नोंदीला वर्ग असायला हवा. विदेशी चलनातला फरक हा यातला सर्वात त्रासदायक भाग. तो ज्या बाबीतून आला तिच्याच वर्गात जातो, आणि बहुतेकांच्या खातेवहीत मात्र त्याचे एकच खाते असते. कर्जावरचा, ग्राहकांच्या येण्यावरचा आणि बँकेतल्या रकमेवरचा फरक यांची तीन खाती उघडा. संगणकप्रणालीत हे करायला एक दुपार लागते. दीड वर्षाच्या नोंदी नंतर हाताने वेगळ्या करायला किती लागते, ते मी एकदा वेगळ्या मानकासाठी करून पाहिले आहे.